बिडाचा टब आणि तहानलेली पाहुणी

मित्रांनो, चार पाय असूनही जन्मात एक पाऊल न टाकलेला मी एक जुना टब आहे. बिडाचा आहे, त्यामुळे अंगाने भक्कम आणि वजनाने इतका की मला हलवायचं म्हटलं की भल्याभल्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. माझे पाय सिंहाच्या पंजासारखे घडवले आहेत. घडवणाऱ्याने बहुधा सिंह कधी पाहिला नसावा, कारण बघणारे सगळे त्यांना मांजराचे पाय म्हणतात. मी आता त्यावरून रागावत नाही.

माझा जन्म लोखंड ओतण्याच्या कारखान्यात झाला. वाळूच्या साच्यात वितळलेलं बीड ओतलं आणि मला आकार आला. मग मला पुन्हा भट्टीत घालून लालबुंद केलं, आणि एका कारागिराने लांब दांड्याच्या चाळणीने माझ्यावर पांढरी पूड भुरभुरवली. पूड अंगावर पडली की वितळायची आणि काचेसारखी गुळगुळीत होऊन बसायची. कारागीर घामाने निथळत होता. मी थंड झाल्यावर त्याने मान तिरकी करून मला सगळीकडून पाहिलं, काठावरून हात फिरवला आणि म्हणाला, "झकास उतरलाय." मित्रांनो, आयुष्यात कानावर पडलेला पहिला शब्दच कौतुकाचा, याहून मोठं भाग्य कोणतं?

मग मी एका घरात गेलो. चार हमालांनी मला जिन्यावरून वर चढवलं आणि प्रत्येक पायरीवर माझा चांगलाच उद्धार केला. त्या घरात तीन भावंडं होती. ती माझ्यात एकदमच उतरायची आणि आंघोळ कमी, लढाई जास्त व्हायची. बाबांची पाठ दुखायची, तेव्हा ते गरम पाण्यात वर्तमानपत्र घेऊन पडायचे आणि डुलकी लागली की वर्तमानपत्राचा लगदा व्हायचा. आई मात्र कधीकधी दार लावून नळ सोडायची आणि माझ्या काठावर नुसती बसून राहायची. तिला आंघोळ करायची नसायची, घटकाभर कोणी हाक मारू नये एवढंच हवं असायचं. मी तिला तेवढी जागा दिली याचं मला आजही बरं वाटतं.

पुढे मुलं मोठी झाली. घरात भिंतीवर आंघोळीचा फवारा आला, नव्या फरश्या आल्या आणि मी गेलो परसात. तिथे मी किती उन्हाळे काढले कोण जाणे. माझ्यात फुटक्या कुंड्या टाकल्या, सायकलचा टायर टाकला, वाळका पाचोळा साचला. एकेकाळी ज्याला रोज घासूनपुसून लखलखीत ठेवायचे, त्याच्याकडे ढुंकूनही कोणी पाहीना. शेवटी भंगारवाला आला. त्याने मला आपल्या अंगणात नेऊन टाकलं आणि माझे तुकडे करायला घण काढला. अगदी त्याच वेळी एक बाई जाळीचा तुकडा शोधत तिथे आली.

"अहो, तो टब फोडू नका!" ती लांबूनच ओरडली.

भंगारवाल्याने घण खाली टेकवला. "मावशी, हे धूड घरात कोण ठेवतं आता? जमीन खचेल."

"घरात नकोच आहे. माझ्या गाढवाला पाणी प्यायला हवाय."

"गाढवाला? असा साहेबी टब?"

"मग काय, त्याने पेल्यातून प्यायचं?"

भंगारवाला हसता हसता घणाला टेकून उभा राहिला आणि मी वाचलो. ती बाई म्हणजे सगळ्यांची मावशी. तिचं पूर्वी शिवणकामाचं दुकान होतं. आता ती आणि तिचा धाकटा भाऊ मिळून निराधार जनावरांचं एक छोटंसं आश्रयघर चालवतात. भावाला सगळे मामा म्हणतात. मामा आधी बसगाड्या दुरुस्त करायचे. त्यांच्या मते जगातली कुठलीही अडचण एक पाना आणि थोडी तार असली की सुटते.

मामांनी मला खरडून धुतलं, तळाच्या भोकाला नवं रबरी बूच बसवलं आणि आवारात पाण्याच्या नळाजवळ मांडलं. पहिल्यांदा पाणी भरलं तेव्हा मला नाही म्हटलं तरी धाकधूक वाटली. आजवर माझ्यात माणसंच आली होती. जनावरांना मी आवडेन का?

आवडलो, मित्रांनो. इतका आवडलो की दिवसभर माझ्याभोवती वर्दळ असते. म्हातारं गाढव सकाळी सगळ्यांच्या आधी येतं आणि ओठ मिटून, जराही आवाज न करता पितं. त्याच्याइतका सभ्य पाहुणा मी माणसांतही पाहिला नाही. शेळीला पाणी पिण्याआधी पुढचे दोन पाय माझ्या काठावर ठेवल्याशिवाय चैन पडत नाही. लंगडी मेंढी प्यायला येते आणि निम्मा वेळ पाण्यातल्या स्वतःच्या तोंडाकडे संशयाने बघत राहते. कोंबड्या माझ्या काठावर बसून एकेक थेंब घेतात आणि मान वर करून तो गिळतात. त्यातल्या काही कोंबड्या पिंजऱ्यांतून सुटून आल्या तेव्हा अंगावर पिसंच नव्हती. मावशीने त्यांना उरलेल्या कापडाचे अंगरखे शिवले होते. मामा म्हणाले, "ताई, आता बटणंही लाव." मावशीने खरंच लावली. दुपारपर्यंत कोंबड्यांनी ती टोचून खाल्ली आणि मग दोघं बहीणभाऊ संध्याकाळपर्यंत एकमेकांना बोल लावत बसली.

आणि बदकं! बदकांविषयी मी काय सांगावं? ती पाणी पीत नाहीत, पाण्याचा फडशा पाडतात. पाचसहा जणी एका रांगेत येतात, माझ्यात उड्या टाकतात, पंख आपटतात, आणि निघून जाताना माझ्यात पाण्यापेक्षा चिखल जास्त असतो. मामा त्यांना दरोडेखोर म्हणतात.

इथलं काम कधी संपत नाही. पेंढा बदलायचा, शेण काढायचं, खूर तासायचे, कोणाच्या कानात औषध घालायचं, कोणाच्या डोळ्याला मलम लावायचं. मावशी रोज सकाळी मला ब्रशने घासते. घासताना ती माझ्याशी बोलते. "चल रे बाबा, तोंड धू," म्हणते. मला तोंड नाही हे तिला माहीत आहे, पण ती ते मनावर घेत नाही.

या घराचा एक नियम होता. नवं जनावर आलं की त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. बिचारं घाबरलेलं असतं, जन्मभर माणसांनी ढोसलेलं असतं. म्हणून त्याला वेगळ्या कुंपणात ठेवायचं, गुडघाभर पेंढा घालायचा, खायला-प्यायला द्यायचं आणि आपण लांब व्हायचं. मावशी म्हणायची, "आधी त्याला श्वास घेऊ दे. डोकावायला आपल्याला जन्म पडलाय." नियम चांगल्या मनाने केलेला होता, याबद्दल माझी कधीच तक्रार नाही.

एके दिवशी एक डुकरीण आली. कुठलीशी डुकरांची मोठी शेड बंद पडली होती आणि तिथली ही एकटी उरली होती. मामांनी आदल्या दिवशीच मला ढकलत, ओढत, फळ्यांवरून घसरवत पाहुण्यांच्या कुंपणात आणून ठेवलं होतं. पाहुणीला लहानसहान भांडं नको, ती ते उलथून टाकेल, असा त्यांचा हिशेब. डुकरीण गाडीतून उतरली आणि उभीच राहिली. तिच्या दोन्ही खांद्यांवर घट्टे पडले होते, कारण ती जिथे राहायची तिथे तिला मागे वळायलाही जागा नव्हती. चारही बाजूंनी लोखंडी नळ्या. इथे एवढी मोकळी जागा मिळाली तरी ती वळेना. सरळ पुढे जायची, कुंपण लागलं की थांबायची आणि उलट्या पावलांनी मागे यायची.

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने मला काठोकाठ भरलं, घमेल्यात खाणं ठेवलं आणि नियमाप्रमाणे सगळ्यांना बाहेर काढलं. "कोणी फिरकायचं नाही हं इकडे," तिने मामांना बजावलं.

डुकरिणीने घमेल्यातलं खाणं खाल्लं. मग ती तहानेने इकडेतिकडे बघू लागली. मी म्हटलं, चला, आता माझी पाळी. ती माझ्याजवळ आली. काठाला नाकाने हुंगलं. आणि मग खाली वाकून तिने माझा पुढचा पाय दातांत धरला आणि जोरात दाबला.

मी चक्रावलो. तिने पाय सोडला आणि माझ्या बुचाखालची लोखंडी कडी चावली. मग कुंपणाचा खिळा चावला, फाटकाची कडी चावली, पुन्हा माझ्याकडे आली आणि माझे चारही पाय एकामागून एक चावून पाहिले. वर माझ्या पोटात पाणी डुचमळत होतं, तिच्या नाकापासून वीतभर अंतरावर, आणि ती खाली माझ्या लोखंडाशी झगडत होती. मला काही उमगेना. एवढंच कळत होतं की तिला तहान लागली आहे आणि ती माझ्याकडे काहीतरी मागते आहे.

दुपारी कुंपणाच्या खालून दरोडेखोर आले. त्यांनी माझ्यात मनसोक्त धुडगूस घातला आणि गेले. संध्याकाळी मावशी लांबूनच डोकावली, माझं पाणी अर्ध्यावर आलेलं पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"अरे, बघितलंस का? किती पाणी प्यायली बाई माझी!"

"मग, टब कोणाचा!" मामा म्हणाले.

मित्रांनो, त्या क्षणी मला वाटलं, त्या कारागिराने मला पाय देण्याऐवजी जीभ दिली असती तर किती बरं झालं असतं. "ती नाही प्यायली, बदकांनी सांडलं," एवढे पाचच शब्द. मी आतल्या आत ओरडत होतो आणि बाहेर नुसताच चकाकत होतो. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मामांनी मला भरलं, बदकांनी मला रिकामं केलं आणि मावशी खूश झाली. डुकरीण आता खायची थांबली होती. लोखंड चावून चावून तिच्या ओठांना भेगा पडल्या होत्या.

त्यानंतरच्या सकाळी ती कुंपणाला डोकं टेकवून उभी होती. मग ती गोल गोल फिरू लागली, अडखळली, कुत्र्यासारखी मागच्या पायांवर बसली आणि तिचं अंग थरथरू लागलं. मावशी माझ्यासाठी ब्रश घेऊन आली होती. तो तिच्या हातातून खाली पडला.

"दादा, अरे दादा, डॉक्टरबाईंना बोलव! लवकर!" धाकट्या भावाला ती एरवी नुसतं "ए" म्हणते, दादा म्हणाली की मामा समजतात की गोष्ट गंभीर आहे.

जनावरांच्या डॉक्टरबाई स्कूटरवरून आल्या. हेल्मेट काढण्याआधीच त्या कुंपणात शिरल्या. त्यांनी डुकरिणीच्या हिरड्या पाहिल्या, कानामागची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली.

"मावशी, ही पाणी कधी प्यायली?"

"अहो, रोज पिते! टब रिकामा करते!"

"शक्य नाही. हिच्या अंगात पाण्याचा टिपूस नाहीये."

"असं कसं? मी स्वतः बघितलंय, संध्याकाळी टब अर्धा झालेला असतो."

"टब बघितलात. हिला पिताना बघितलंत का?"

तेवढ्यात कुंपणाखालून एक चोच आत आली, तिच्यामागून दुसरी, आणि एकामागून एक सगळी बदकं तोऱ्यात चालत येऊन माझ्यात उतरली. पाणी चारी बाजूंनी उडालं. मामांनी कपाळावर हात मारून घेतला.

"ताई, आपली पाहुणी नाही प्यायली. हे दरोडेखोर प्यायले."

मावशी पेंढ्यात मटकन खाली बसली. "मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही रे. तिला त्रास नको म्हणून बघितलं नाही."

"पण समोर एवढं पाणी असताना ती पीत का नाही?" मामांनी विचारलं.

डॉक्टरबाई उत्तर द्यायच्या आधी डुकरीण धडपडत उठली, माझ्याजवळ आली आणि माझ्या बुचाखालची कडी तिने पुन्हा दातांत धरली. डॉक्टरबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "अगं बाई गं. ही पाणी शोधतेय. त्या शेडमध्ये भिंतीला नळी असते, तिला बोटाएवढी लोखंडी तोटी. ती चावली की तोंडात पाणी येतं. हिने जन्मभर तेवढंच केलंय. असं उघडं, साठलेलं पाणी हिने कधी बघितलेलंच नाही. समोर ठेवलंय ते पाणी आहे, हे हिला माहीतच नाही, मावशी."

तेव्हा मला सगळा उलगडा झाला. ती माझे पाय चावत होती ते रागाने नव्हे. ती आपल्या परीने मला पाणी मागत होती.

मावशी उठली आणि बादली भरायला धावली. डॉक्टरबाईंनी तिचा हात धरला. "नाही. एकदम नाही. इतके दिवस पाणी नाही, अंगातलं मीठ मेंदूवर चढलंय. आता भरपूर पाणी पोटात गेलं तर मेंदू सुजेल आणि ती हातची जाईल. घोटभर द्यायचं, थांबायचं. पुन्हा घोटभर. दिवसभर. आणि हा टब आत्ताच्या आत्ता रिकामा करा, चुकून तोंड लागायला नको."

मामांनी माझं बूच उपटलं. माझं सगळं पाणी जमिनीत गेलं. ज्याच्या दारात तहानलेला उभा, त्यालाच रिकामं व्हावं लागलं. पण खरं सांगतो, माझ्या आयुष्यात मी इतक्या आनंदाने कधी रिकामा झालो नव्हतो.

मग मामांचा पाना आणि तार बाहेर आली. त्यांनी रबरी नळीच्या टोकाला एक जुनी लोखंडी तोटी बसवली आणि नळी हातात चिमटून धरली. मावशी डुकरिणीजवळ पेंढ्यात बसली, तिने तोटी तिच्या तोंडापुढे धरली. डुकरिणीने ती चावली. मामांनी चिमटा सैल केला आणि घोटभर पाणी तिच्या तोंडात गेलं. तिने डोळे मिटले. मावशी रडायला लागली आणि मामा म्हणाले, "रड, पण हात हलवू नकोस." डॉक्टरबाईंनी इंजेक्शन दिलं आणि त्याही तिथेच बसून राहिल्या. घोट, थांबा. घोट, थांबा. मध्येच तिला एक झटका आला तेव्हा तिघांचेही चेहरे पांढरे पडले. मावशीने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि ती नुसतं "आहे मी, आहे मी" म्हणत राहिली. त्या दिवशी कोणी जेवलं की नाही, मला आठवत नाही. उन्हं उतरली तशी थरथर कमी झाली. पुढच्या दिवशी ती सरळ चालली. त्याच्या पुढच्या दिवशी तिने खाणं मागितलं, तेही घमेलं उलथून.

आता प्रश्न उरला तो माझा. जन्मभर कोणी तिच्यापुढे नळी धरून बसणार नव्हतं. तिला उघडं पाणी ओळखायला शिकवायला हवं होतं. मग मावशीने मला पुन्हा घासलं, थोडंसंच पाणी भरलं आणि मामांनी नळीची तोटी माझ्या काठावर तारेने बांधली. डुकरीण माझ्या काठावरून पाणी प्यायली. नंतर तोटी थोडी खाली आली, मग आणखी खाली. एके दिवशी ती पाण्याच्या आतच बुडाली.

डुकरिणीने तोटी शोधत नाक खाली घातलं. नाक पाण्यात गेलं. बुडबुडे आले आणि ती दचकून मागे झाली, तोंड उडवून जोरात शिंकली. मावशी फाटकाजवळ श्वास रोखून उभी होती. डुकरिणीने माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे पाहिलं. ओल्या ओठांवरून तिने जीभ फिरवली. आणि मग ती हळूच पुढे आली, तोंड खाली घातलं आणि तोटीला न शिवता पाणी प्यायला लागली. मोठमोठे घोट, आवाज करत, मध्ये न थांबता. तिची हनुवटी माझ्या काठावर टेकलेली होती आणि प्रत्येक घोट मला माझ्या अंगात जाणवत होता. मला रडता येत असतं तर पाणी खारट झालं असतं, तेव्हा येत नाही तेच बरं.

मित्रांनो, माझा मुलामा आता ठिकठिकाणी उडाला आहे. एक पाय किंचित कललेला आहे. मामांनी त्याखाली वीट लावली आहे. घणाखाली गेलो असतो तर हे काहीच पाहिलं नसतं. ज्या हातांनी मला वाचवलं, घासलं, भरलं, आणि वेळ आली तेव्हा रिकामं केलं, त्या सगळ्या हातांचा मी ऋणी आहे. त्या दरोडेखोरांचाही आहे, कारण ऐन वेळी त्यांनीच खरं काय ते दाखवलं. बदकांना मात्र हे कोणी सांगू नका, आधीच डोक्यावर बसली आहेत.

मावशीने नियमही बदलला आहे. नवा पाहुणा आला की आता ती कुंपणात एका कोपऱ्यात पाठमोरी बसते, मांडीवर शिवण घेते आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत राहते. पाहुण्याने पहिला घोट घेतला की मगच उठते. गुडघे धरतात तिचे, पण उठत नाही.

तुमच्याकडेही कोणीतरी असेल. कुत्रं असेल, मांजर असेल, कुंडीपाशी येणारी चिमणी असेल, नाहीतर वर्गात नवीन आलेली एखादी गप्प मुलगी असेल. तुम्ही तिच्यासाठी भांडं भरून ठेवलंत, फार छान केलंत. पण ठेवून लगेच निघून जाऊ नका. जरा तिथेच बसा, आणि ती पितेय का ते बघा.